ह्युमिडिफायर, बंद खोली आणि घरातील मांजर
(नागरिकांसाठी आरोग्यविषयक माहितीपत्रक)

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दिल्ली, चंदीगड, शिमला किंवा श्रीनगर येथील घरांची दारे-खिडक्या बंद होतात, रूम हीटर सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत घरातील माणसांचा घसा कोरडा पडू लागतो. ओठ फुटतात, लहान मुलांच्या नाकातून क्वचित रक्तही येते. अशा वेळी अनेक कुटुंबे हवेतील ओलावा वाढवणारे ह्युमिडिफायर हे यंत्र घरी आणतात. यंत्र उपयुक्त आहे, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच बंद खोलीत अंथरुणाच्या पायथ्याशी मांजर झोपत असेल, तर यंत्राच्या टाकीत जे ओतले जाईल ते त्याच्या श्वासात जाते आणि अंगावर बसून पुढे पोटातही जाते. ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती ध्यानात आणून देण्यासाठी हे पत्रक आहे.

यंत्राची गरज आहे का, हे आधी मोजावे

घरातील हवेची सापेक्ष आर्द्रता 30 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असणे माणसांना आणि प्राण्यांना मानवते. ती 60 टक्क्यांच्या वर राहिली की भिंतींच्या कोपऱ्यांत बुरशी धरते आणि गाद्या-उशांतील धूलिकीटकांची वाढ जोमाने होते. दम्याच्या रुग्णांना या दोन्ही गोष्टींचा त्रास होतो. म्हणून ह्युमिडिफायर विकत घेण्याआधी एक आर्द्रतामापी घ्यावा. काही शे रुपयांत मिळणारे हे छोटे उपकरण खोलीत ठेवले की अंदाजाने वागण्याचे कारण उरत नाही.

अनेकांना असा प्रश्न पडतो की, बाहेर दाट धुके असताना घरातील हवा कोरडी कशी? याचे उत्तर तापमानात आहे. बाहेरची हवा 5 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 90 टक्के असली, तरी थंड हवेत बाष्प मुळातच थोडे मावते. तीच हवा घरात येऊन हीटरमुळे 22 अंशांपर्यंत तापली की, तितक्याच बाष्पावर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे 30 टक्क्यांवर उतरते. खोली आणखी तापवावी तशी ती आणखी खाली जाते. तेव्हा ह्युमिडिफायर चालू करण्यापूर्वी हीटरचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरवून पाहणे हा विनाखर्चाचा उपाय आहे. (कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन असतो, आणि तो मांजर आणि माणूस दोघांनाही झोपेतच मारतो.)

मुंबई, पणजी, कोची, चेन्नई, कोलकाता या शहरांत वर्षाचा बहुतेक काळ हवा आधीच दमट असते. तेथे दिवसभर वातानुकूलन चालणारी एखादी खोली वगळता या यंत्राची गरज क्वचितच भासते. जाहिरात पाहून ते आणणे म्हणजे बुरशीला आमंत्रण देणे होय. विदर्भ, राजस्थान, बुंदेलखंड अशा प्रदेशांत उलट उन्हाळाच कोरडा असतो. परंतु तेथे बहुतेक घरांत कूलर असतो, आणि कूलर हाही एक मोठा ह्युमिडिफायरच आहे. त्याच्याविषयी पुढे लिहिले आहे.

मांजराचे शरीर वेगळे कसे

कुत्रा, माणूस आणि मांजर एकाच खोलीत राहिले, तरी त्यांची यकृते एकसारखे काम करत नाहीत. वनस्पतींतील अनेक द्रव्ये, विशेषतः फिनॉल वर्गातील, शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृत त्यांना ग्लुक्युरॉनिक आम्लाची जोड देते. त्यामुळे ती द्रव्ये पाण्यात विरघळतात आणि लघवीवाटे निघून जातात. या कामी येणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराचे जनुक मांजरवंशात निकामी झालेले आहे. घरातील मांजराप्रमाणेच सिंह आणि वाघ यांच्यातही ते निकामी आढळते. पिढ्यान्‌पिढ्या केवळ मांस खाणाऱ्या या प्राण्यांना वनस्पतीजन्य द्रव्ये पचवण्याची गरजच पडली नसावी, असे संशोधक मानतात. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराच्या जिवावर बेतू शकते, त्यामागेही यकृताची हीच उणीव आहे. मांजराला ताप आला म्हणून घरातील औषध देणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरी गोष्ट अंग चाटण्याची. मांजर जागेपणीचा मोठा वेळ स्वतःचे केस चाटून स्वच्छ करण्यात घालवते. यंत्रातून निघणारे सूक्ष्म तुषार हवेत काही वेळ तरंगतात आणि मग खाली बसतात. ते जमिनीवर, पांघरुणावर आणि मांजराच्या दाट केसांवर उतरतात. तुषारांत जे असेल ते रात्रभर केसांवर साठते आणि सकाळी जिभेवाटे पोटात जाते. माणसाच्या बाबतीत केवळ श्वासाचा विचार पुरेसा होतो. मांजराच्या बाबतीत तो अर्धाच विचार ठरतो. शिवाय त्याचे वजन जेमतेम 3 ते 5 किलोग्रॅम असते. आपल्याला ज्याचा केवळ मंद सुवास येतो, ते प्रमाण त्याच्यासाठी मंद नसते.

टाकीत फक्त पाणी

या पत्रकातील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. ह्युमिडिफायरच्या टाकीत पाण्याखेरीज काहीही घालू नये.

आपल्याकडे सर्दी झाली की गरम पाण्यात निलगिरीच्या तेलाचे चार थेंब टाकून वाफारा घेण्याची जुनी पद्धत आहे. त्याच सवयीने निलगिरी, पुदिन्याचे तेल, कापूर किंवा छातीला चोळायचे मलम यंत्रात टाकले जाते. वाफारा पाच-दहा मिनिटांचा असतो आणि तो एक माणूस घेतो. यंत्र मात्र रात्रभर आठ तास चालते आणि खोलीतील प्रत्येक जीव ते घेत राहतो. निलगिरी, टी ट्री, पेपरमिंट, लवंग, दालचिनी, पाइन, विंटरग्रीन आणि संत्रे-लिंबाच्या सालींची तेले मांजरांसाठी विषारी आहेत. कापूरही तसाच. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशी बाटलीवर छापलेली ओळ येथे काहीही आश्वासन देत नाही, कारण मांजराच्या यकृताला जड जाते ते निसर्गातील द्रव्यच. सुगंधासाठी वेगळे डिफ्यूझर वापरणाऱ्या घरांनाही हेच लागू आहे. मांजर ज्या खोलीत वावरते तेथे ते लावू नये, आणि तेलाच्या बाटल्या बंद कपाटात ठेवाव्यात.

हा नियम केवळ मांजरासाठी आहे असे समजू नये. कापूर आणि मेन्थॉल दोन वर्षांखालील बालकांजवळ वापरणे योग्य नाही. थोडासा कापूर गिळल्यानेही लहान मुलांना झटके येतात. घरात देवघराचा कापूर मुलाच्या आणि मांजराच्या आवाक्याबाहेर ठेवण्याचे कारण एकच आहे.

सुगंधाइतकीच घातक ठरणारी दुसरी कल्पना म्हणजे पाण्यात जंतुनाशक मिसळणे. दक्षिण कोरियात 1994 पासून ह्युमिडिफायरच्या पाण्यात घालायची जंतुनाशके बाजारात मिळत होती. स्वच्छतेची काळजी घेणारी कुटुंबे, विशेषतः गरोदर स्त्रिया आणि तान्ह्या बाळांचे पालक, ती विश्वासाने वापरत. 2011 च्या वसंतात गरोदर आणि बाळंत स्त्रियांमध्ये फुफ्फुसाचा एक गंभीर आजार आढळू लागला, आणि तपासात त्याचा संबंध या जंतुनाशकांशी जोडला गेला. त्याच वर्षी ती बाजारातून मागे घेण्यात आली. तोवर शेकडो माणसे दगावली होती. त्यांतील मुख्य रसायन पॉलिहेक्सामेथिलीन ग्वानिडिन हे होते. ते त्वचेला लागल्यास फारसे बाधत नसे, पण तुषारांतून फुफ्फुसात गेल्यावर तेथे कायमचे व्रण करी. फरशी पुसायचे जंतुनाशक, ब्लीच, डेटॉलसारखे द्रव वा तुरटी यांपैकी काहीही टाकीत पडता कामा नये, हा त्या दुर्घटनेचा आपल्यासाठी असलेला अर्थ आहे.

पाणी कोणते घ्यावे

बाजारात साधारण तीन प्रकारची यंत्रे मिळतात. ओल्या जाळीतून पंख्याने हवा खेचणारी, पाणी उकळून वाफ सोडणारी आणि कंपनाने पाण्याचे बारीक तुषार उडवणारी, म्हणजे अल्ट्रासॉनिक. पहिल्या दोन प्रकारांत क्षार बहुतांशी यंत्रातच राहतात. तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त आणि म्हणून सर्वांत प्रचलित आहे. त्यात पाण्यात जे असेल ते सर्व हवेत फेकले जाते.

याचा हिशेब सोपा आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. असे, पिण्यास योग्य असलेले 4 लिटर पाणी एका रात्रीत अल्ट्रासॉनिक यंत्रातून उडवले, तर खोलीत 2 ग्रॅम क्षारांची अतिसूक्ष्म धूळ पसरते. सकाळी टीव्हीच्या पडद्यावर आणि काळ्या मांजराच्या पाठीवर पांढरट थर दिसतो तो हाच. बोअरवेलचे पाणी जड असेल तेथे ही धूळ याहूनही अधिक असते. दमा असलेल्या माणसाला, तसेच दमा असलेल्या मांजराला, तिचा त्रास होतो. मांजरांनाही दमा होतो, ही माहिती पुष्कळांना नवी असेल.

पाणी उकळून गार केले तर चालेल काय, असे विचारले जाते. उकळल्याने जंतू मरतात. क्षार मात्र बहुतांशी पाण्यातच राहतात. म्हणून अल्ट्रासॉनिक यंत्रात शक्य असल्यास ऊर्ध्वपातित पाणी, म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, वापरावे. ते परवडत नसेल तर आरओ यंत्राचे ताजे पाणी हा पुष्कळच बरा पर्याय आहे.

नळाचे पाणी थेट भरण्यात जंतूंचाही धोका असतो. डिसेंबर 2008 मध्ये सायप्रस येथील एका खासगी रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात नळाच्या पाण्याने भरलेल्या ह्युमिडिफायरमधून लिजिओनेला जिवाणूचा संसर्ग पसरला. 11 बालकांना लागण झाली आणि 3 बालके दगावली. साचलेल्या कोमट पाण्यात हा जिवाणू वाढतो आणि तुषारांतून फुफ्फुसात शिरतो.

स्वच्छता: रोजची आणि तिसऱ्या दिवसाची

उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी वापरण्याचा मोह टाळावा. रोज सकाळी यंत्राची वायर काढावी, टाकी रिकामी करावी, आतून पुसून उलटी ठेवून वाळवावी, आणि रात्री नवे पाणी भरावे. टाकीच्या आत बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागले, तर त्या ठिकाणी जिवाणूंचा थर धरला आहे असे समजावे. ते पाणी मांजराला पिऊ देऊ नये. मांजरांना हलणारे पाणी आवडते आणि झाकण सैल असेल तर ती टाकीशी खेळतात.

दर तिसऱ्या दिवशी अधिक कसून सफाई हवी. क्षारांचा थर पांढऱ्या व्हिनेगरने किंवा सायट्रिक ॲसिडच्या द्रावणाने सुटतो. जंतूंसाठी 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड पुरते. औषधाच्या दुकानात ते सहसा 6 टक्क्यांचे मिळते. त्यात तितकेच पाणी मिसळले की काम होते. त्यानंतर टाकी स्वच्छ पाण्याने अनेकदा खळबळून धुवावी, कसलाही वास उरू देऊ नये. उत्पादकाच्या पुस्तिकेत निराळी पद्धत सांगितली असेल तर ती पाळावी.

ब्लीच वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आल्यास क्लोरीन वायू निर्माण होतो. आणि ज्या मोरीत मांजराचा मातीचा ट्रे ठेवलेला असतो तेथे ब्लीच ओतू नये, कारण मांजराच्या लघवीतील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात. लहानशा, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात हा अपघात सहज घडतो.

यंत्र कोठे ठेवावे

वाफ सोडणारे यंत्र मांजर असलेल्या घरात न घेणेच श्रेयस्कर. त्यातील पाणी उकळते असते, मांजर शेजारी उबेला येऊन बसते, आणि एका उडीत ते पाणी त्याच्यावर किंवा खाली झोपलेल्या बाळावर सांडू शकते. थंड तुषारांचे यंत्रही रुंद, स्थिर आणि सपाट जागी ठेवावे. भिंत, पडदे व विजेचे बोर्ड यांपासून ते दूर असावे. वायर लोंबकळत ठेवू नये. मांजराची पिल्ले वायर चावतात. ती भिंतीलगत पट्टीखालून न्यावी.

तुषारांचा झोत मांजराच्या नेहमीच्या झोपण्याच्या जागेवर येऊ नये. खोलीचे दार चार बोटे उघडे ठेवावे. मांजराला हवा मानवेनाशी झाली तर ते स्वतः उठून दुसरीकडे जाते, आणि हा मार्ग त्याला मोकळा असणे हीच त्याची पहिली सुरक्षा आहे. आर्द्रता 50 टक्क्यांवर गेली, खिडकीच्या काचांवर पाणी जमू लागले, तर यंत्र बंद करावे.

अल्ट्रासॉनिक यंत्राच्या आवाजाने मांजराचे कान बिघडतात, अशी एक शंका वारंवार ऐकू येते. माणसाला सेकंदाला सुमारे 20 हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, तर मांजराला 60 हजारांच्याही पुढचा. या यंत्रांतील चकती मात्र साधारणतः सेकंदाला 17 लाख वेळा कंप पावते. ते कंपन मांजराच्याही श्रवणशक्तीच्या फार पलीकडचे आहे. पंख्याची घरघर किंवा पाण्याचा बुडबुडा त्याला नापसंत असू शकतो, तेवढेच.

कूलरविषयी

उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत अत्तर, खसाचा अर्क किंवा सुगंधी द्रव घालण्याची प्रथा आहे. मांजराच्या घरात तीही सोडावी. वाळ्याचे कोरे, साधे पडदे निराळे आणि बाटलीतील तीव्र अर्क निराळा. कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करून मगच भरावी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि ती अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात. म्हणून नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. घासणे आवश्यक आहे.

मांजराला बाधा झाल्यास

तोंडातून लाळ गळणे, उलटी, डोळ्यांतून पाणी, झोकांड्या खात चालणे, अंग थरथरणे, कोपऱ्यात निपचित पडून राहणे ही लक्षणे यंत्र किंवा डिफ्यूझर चालू असलेल्या घरात दिसली, तर प्रथम ते बंद करून मांजराला मोकळ्या हवेत न्यावे. केसांवर तेल सांडले असेल तर भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाने आणि कोमट पाण्याने ते धुवावे आणि अंग कोरडे करावे. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये, कारण तेल फुफ्फुसात उतरते. दूध पाजणे, मीठ चारणे हेही टाळावे. तेलाची बाटली सोबत घेऊन तत्काळ पशुवैद्यकाकडे जावे. बाटलीवरील नावावरून उपचार लवकर ठरतात.

तोंड उघडे ठेवून धापा टाकणारे मांजर ही तातडीची स्थिती आहे. कुत्र्यात ते स्वाभाविक असते, मांजरात नाही. झोपलेल्या मांजराचे श्वास एक मिनिट मोजण्याची सवय ठेवावी. ते 30 पेक्षा कमी असावेत. सतत अधिक भरत असतील तर तपासणी करून घ्यावी.

मांजराला सर्दी झाली असता पशुवैद्यक कधी कधी साध्या वाफेचा सल्ला देतात. त्यासाठी गरम पाण्याचा नळ सोडून न्हाणीघरात वाफ धरावी आणि मांजराला घेऊन दहा-पंधरा मिनिटे तेथे बसावे. उकळत्या भांड्यावर त्याचे तोंड धरू नये, आणि त्या पाण्यातही काही टाकू नये.

घाबरलेले किंवा वेदनेत असलेले मांजर आपल्या माणसालाही चावते वा ओरबाडते. अशी जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयात रेबीज प्रतिबंधक लसीविषयी विचारणा करावी. मांजर घरचेच आहे म्हणून थांबू नये. घरातील माणसाने, विशेषतः मुलाने, तेल किंवा कापूर गिळल्यास त्यालाही उलटी करवू नये. 112 किंवा 108 या क्रमांकावर मदत मागावी. नवी दिल्ली येथील एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र डॉक्टरांना आणि नागरिकांना चोवीस तास मार्गदर्शन करते.

एक लक्षण माणसांसाठीही सांगणे आवश्यक आहे. यंत्र चालवल्यानंतर काही तासांनी थंडी वाजून ताप येणे, कोरडा खोकला, छाती भरून येणे, आणि दोन दिवस परगावी गेले की हे सर्व आपोआप ओसरणे. असा अनुभव आल्यास तो निव्वळ सर्दीचा प्रकार समजू नये. यंत्र थांबवावे आणि डॉक्टरांना तपासणीच्या वेळी घरात ह्युमिडिफायर असल्याचे आवर्जून सांगावे. ते विचारतीलच असे नाही.